दाट मांडणीची वहिवाट

१

नीतिविचाराचा विषय म्हणून पुढे आणलेला एखादा प्रश्न क्षुल्लक आहे असा आक्षेप घेतला जातो, तेव्हा त्या आक्षेपामागे बहुधा दोन गृहीतके असतात. पहिले असे की ज्या हानीचे मोजमाप पैशात, प्रकृतीत किंवा प्रतिष्ठेत करता येत नाही ती हानी नव्हेच. आणि दुसरे असे की ज्या गोष्टीची माणसाला कालांतराने सवय होते तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण उरत नाही. प्रस्तुत लेखात ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो या दोन्ही गृहीतकांची परीक्षा घेणारा आहे. ब्राउझरमधून वापरावयाच्या ई-पत्रसेवेची, म्हणजे वेबमेलची, दर्शनी रचना बदलली जाते. जुन्या रचनेत पत्रांची यादी ओळीखाली ओळ अशी दाट मांडलेली असे. नव्या रचनेत ओळींची उंची वाढते, त्यांच्यामधील मोकळी जागा वाढते, आणि पूर्वी एका पडद्यावर मावणारी यादी आता सरकवत सरकवत वाचावी लागते. सेवेचे जुने वापरकर्ते मग आपली दाट मांडणी परत मागू लागतात. या मागणीला नैतिक दृष्ट्या काही वजन आहे काय? की ती केवळ रुचिभेदाची, फार तर बदलाला नाखूष असलेल्या माणसांच्या कुरकुरीची बाब आहे?

चर्चा हवेत राहू नये म्हणून जीमेलचे उदाहरण समोर ठेवू. ही सेवा १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. २०११ च्या मध्यास तिच्या नियोजित नव्या रूपाचे नमुने वापरकर्त्यांपुढे ठेवण्यात आले, तेव्हाच त्यांत एक मोकळा आणि एक ‘डेन्स’, म्हणजे दाट, असे दोन प्रकार करावे लागले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये नवे रूप अधिकृतपणे आले आणि त्याबरोबर घनतेच्या तीन पायऱ्या आल्या : ‘कम्फर्टेबल’, ‘कोझी’ आणि ‘कॉम्पॅक्ट’. एप्रिल २०१८ मध्ये पुन्हा पुनर्रचना झाली. तीन पायऱ्या कायम राहिल्या, परंतु त्यांची नावे ‘डिफॉल्ट’, ‘कम्फर्टेबल’ आणि ‘कॉम्पॅक्ट’ अशी झाली. ‘डिफॉल्ट’मध्ये पत्रासोबत जोडलेल्या फायलींची नावे यादीतच, विषयाच्या ओळीखाली, दिसू लागली व त्यामुळे ओळ उंच झाली. २०२२ मध्ये गप्पा आणि दृक्‌श्राव्य बैठका यांच्या दालनांना पत्रपेटीच्या शेजारी स्थान देणारी तिसरी मोठी फेररचना झाली. या प्रवासात दाट मांडणीचा पर्याय कधीच संपूर्णपणे काढून घेतला गेला नाही. तरीही प्रत्येक वेळी अनेक वापरकर्त्यांची तक्रार एकच होती : आता जिला ‘कॉम्पॅक्ट’ म्हटले जाते ती पूर्वीची दाट मांडणी नव्हे.

या तक्रारीचे स्वरूप साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीचे वाटावे. सोस्यूरच्या चिन्हविचारानुसार चिन्हाचे मूल्य ते ज्या व्यवस्थेत वावरते तिच्यातील इतर चिन्हांशी असलेल्या भेदातून ठरते. सेवेच्या रचनाकारांच्या दृष्टीने ‘कॉम्पॅक्ट’ या शब्दाचा अर्थ ‘तिन्हींमध्ये सर्वांत दाट’ एवढाच आहे, आणि तसा पर्याय त्यांनी दिलेला असल्यामुळे त्यांचे उत्तर त्यांच्या व्यवस्थेत निर्दोष ठरते. वापरकर्ता मात्र तोच शब्द एका विशिष्ट, अनुभवलेल्या मापाचा निर्देश करण्यासाठी वापरतो. नाव तेच राहते आणि माप बदलते. एकाच शब्दाच्या या दोन वापरांमुळे मागणारा आणि देणारा एकमेकांशी बोलत असूनही संवाद घडत नाही. म्हणूनच ‘पर्याय तर दिलेला आहे’ एवढ्यावर हा प्रश्न मिटवता येत नाही.

२

दाट मांडणी गेल्याने नेमके काय जाते, याचा विचार प्रथम केला पाहिजे. पत्रपेटीची यादी हीही एक संहिता आहे. पाठवणाऱ्याचे नाव, विषय, पत्राची सुरुवातीची काही अक्षरे आणि वेळ एवढ्या घटकांची ती बनलेली असते. झेरार जनेत यांनी १९८७ मध्ये ग्रंथाच्या शीर्षक, उपशीर्षक, प्रस्तावना इत्यादी उंबरठ्यांचा विचार मांडला. पत्रपेटीच्या यादीला त्या परिभाषेत केवळ उंबरठ्यांचीच बनलेली संहिता म्हणता येईल. आत न शिरता वाचावयाची ही संहिता असल्यामुळे तिचे वाचन पत्राच्या वाचनाहून वेगळ्या जातीचे असते. पत्र क्रमाने वाचले जाते. यादी एकसमयावच्छेदेकरून पाहिली जाते.

समजा, एखाद्या विद्यापीठातील प्राध्यापक सकाळी पत्रपेटी उघडतात. दोन विद्यार्थ्यांची प्रकरणे आली आहेत, तिसऱ्याचे आलेले नाही. परिसंवादाच्या आयोजकांनी एकाच विषयाची तीन पत्रे पाठवली आहेत, म्हणजे तेथे काही घोळ असावा. परीक्षा विभागाचे पत्र चार दिवस अनुत्तरित आहे. यांपैकी कोणतीही माहिती एकेका ओळीत नाही. ती ओळींच्या परस्परसंबंधांत आहे. न आलेल्या पत्राची तर यादीत ओळही नसते. आजूबाजूची पत्रे एकत्र दिसतात म्हणूनच त्याची अनुपस्थिती जाणवते. जीमेलच्या एका पानावर मुळात पन्नास पत्रव्यवहारांची नोंद असते. त्यांतील किती नजरेच्या एका टप्प्यात मावतात यावर हे संबंध दिसणार की आठवावे लागणार, हे अवलंबून राहते. यादी जितकी विरळ, तितका दृष्टीचा भार कमी होतो हे खरे. परंतु तितकाच स्मृतीचा भार वाढतो. जे समोर होते ते आता मागे गेले आहे, आणि त्याला मनात धरून पुढचे पाहावयाचे आहे.

येथे आपल्या परंपरेतील ‘लाघव’ या संकल्पनेचा आधार घेता येईल. सुमारे चार हजार सूत्रांत एका भाषेचे व्याकरण बांधणाऱ्या पाणिनीच्या परंपरेत अर्ध्या मात्रेची बचतही पुत्रजन्माइतकी आनंदाची मानली गेली, असे सांगितले जाते. न्यायशास्त्रात दोन स्पष्टीकरणे तुल्यबल असतील तर लाघव असलेले स्वीकारावे, गौरव असलेले टाळावे, असा संकेत आहे. एरवी आदरार्थी असणारा ‘गौरव’ हा शब्द तेथे दोषवाचक होतो. या लाघवाचे प्रयोजन केवळ जागा वाचवणे हे नव्हे. संपूर्ण शास्त्र मुखोद्गत राहावे, त्याचा कोणताही भाग दुसऱ्या कोणत्याही भागाशी क्षणात ताडून पाहता यावा, यासाठी ते आहे. सूत्र दाट असते ते कागद महाग असल्यामुळे नव्हे.

पोस्टकार्डाची दाटी याहून वेगळी होती. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला सुरू झाले. त्यावर बारीक अक्षरात, समासातही आडव्या-उभ्या ओळी लिहून घरभराची खुशाली कळवणाऱ्या पिढ्या आपल्याकडे होऊन गेल्या. ती दाटी टंचाईतून आलेली होती आणि टंचाई संपताच ती संपावी हे स्वाभाविक होते. वेबमेलच्या दाट मांडणीचा पुरस्कार करणाऱ्यांना अनेकदा याच वर्गात टाकले जाते. जुन्या छोट्या पडद्यांच्या काळातली ही काटकसर, आता पडदे मोठे झाले, आता हात आखडता कशाला, असे म्हटले जाते. परंतु या मांडणीचे नाते पोस्टकार्डापेक्षा सूत्राशी अधिक जवळचे आहे. पडद्याला कागदाचा खर्च नाही. तेथे दुर्मीळ आहे तो नजरेचा एक टप्पा. त्या टप्प्यात काय आणि किती असावे याचा निर्णय हा वाचण्याच्या पद्धतीचाच निर्णय असतो.

३

हानी अशी स्पष्ट करता येत असेल, तर वापरकर्त्यांना ती स्वतः इतक्या स्पष्टपणे का मांडता येत नाही, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्यांच्या तक्रारी बहुधा ‘नवे रूप विचित्र वाटते’, ‘सगळे पसरट झाले आहे’, ‘डोळ्यांना त्रास होतो’ अशाच शब्दांत येतात. आणि या संदिग्धतेमुळेच त्या सहज फेटाळल्या जातात.

मायकेल पोलान्यी यांनी १९६६ साली अव्यक्त ज्ञानाचे विवेचन करताना दाखवून दिले की आपल्या जाणण्याचा मोठा भाग शब्दांत उतरत नाही. कोणत्या खुणांच्या आधारे आपण चेहरा ओळखतो हे सांगता येत नाही. त्या खुणांकडे लक्ष न देता त्यांच्या द्वारे आपण चेहऱ्याकडे लक्ष देतो. त्यापूर्वी १९२७ मध्ये हायडेगर यांनी उपकरणाविषयी याला समांतर विचार मांडला होता : हाती चालत असलेला हातोडा हातोडा म्हणून जाणवतच नाही, तो मोडतो किंवा सापडेनासा होतो तेव्हा एक वस्तू म्हणून समोर येतो. दाट यादी वाचणाऱ्याला दाटी दिसत नसते, त्याला पत्रव्यवहार दिसत असतो. दाटी दिसू लागते ती नाहीशी झाल्यावर. म्हणजे ज्या क्षणी तक्रार करावयाची त्याच क्षणी तक्रारदार आपल्या ज्ञानाच्या आधाराला मुकलेला असतो. त्याचे शब्द अडखळतात ते मुद्दा नसल्यामुळे नव्हे. ज्याच्याविषयी बोलावयाचे ते त्याने कधी शब्दांत बाळगलेलेच नव्हते. तक्रारीच्या संदिग्धतेवरून तिच्या पोकळपणाचे अनुमान काढणे म्हणूनच सदोष आहे.

याच परंपरेतून मात्र एक प्रबळ आक्षेपही उभा राहतो आणि त्याला सामोरे गेले पाहिजे. मेर्लो-पाँती यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात ऑर्गनवादकाचे उदाहरण घेतले आहे. अपरिचित ऑर्गनवर, जेथे पट्ट्यांच्या ओळींची संख्या वेगळी आहे आणि कळींची जागा वेगळी आहे, अनुभवी वादक थोड्याच वेळाच्या सरावानंतर कार्यक्रम सादर करू शकतो. यावरून सवय ही स्थानांची पाठ केलेली यादी नसून शरीराने आत्मसात केलेली जुळवून घेण्याची शक्ती आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तसे असेल तर वेबमेलच्या वापरकर्त्यानेही थोडा सराव करावा; त्याची सवय त्याच्यापाशीच आहे, ती कोणी हिरावून घेतलेली नाही, असे म्हणता येईल.

या युक्तिवादात तथ्य आहे, पण ते जपून घेतले पाहिजे. ऑर्गनवादक दुसऱ्या वाद्यापाशी स्वतः होऊन जातो आणि तेथे फरक असणार हे त्याला ठाऊक असते. शिवाय तो परत आपल्या वाद्याकडे येऊ शकतो. त्याहून महत्त्वाचे असे की दोन वाद्यांत कळींच्या जागा वेगळ्या असल्या तरी, मूळ स्वरविस्तार दोहोंवर उपलब्ध आहे, हे या उदाहरणात गृहीत धरलेले आहे. एखाद्या ऑर्गनच्या स्वरांची एक संपूर्ण पट्टी काढून टाकली, तर कितीही सरावाने ते स्वर वाजवता येणार नाहीत. दाट मांडणी गेल्याने कळींच्या जागा तर बदलतातच, पण स्वरविस्तारही घटतो : एका दृष्टिक्षेपात दिसणाऱ्या संबंधांची संख्या कमी होते. बदललेल्या जागांशी जुळवून घेणे हे कौशल्य आहे. घटलेल्या आवाक्याशी जुळवून घेण्याला मात्र निभावून नेणे म्हणावे लागेल. तक्रारीत या दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिलीला फारसे नैतिक वजन नाही हे मान्य करूनही दुसरी शिल्लक राहते.

४

आतापर्यंतचे विवेचन एकतर्फी वाटण्याचा संभव आहे. मोकळ्या जागेचीही एक बाजू आहे आणि ती केवळ सौंदर्यदृष्टीची नाही. आज अनेक लोक आपली पत्रे स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यावर वाचतात. माउसचा बाण एका बिंदूवर टेकतो. बोटाला तसे जमत नाही. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१८ मधील आवृत्तीत स्पर्शलक्ष्याची बाजू किमान ४४ पिक्सेल असावी, असा निकष सर्वांत वरच्या श्रेणीसाठी घातला आहे. २०२३ च्या आवृत्तीत मधल्या श्रेणीसाठी, काही अपवाद सोडून, किमान २४ पिक्सेलचा निकष आला. ज्यांचा हात कापतो, ज्यांची दृष्टी मंदावली आहे, जे प्रथमच पडद्यासमोर बसले आहेत, त्यांच्या दृष्टीने दोन ओळींमधील अंतर ही चैन नव्हे. अभ्यस्त माणसाच्या डोळ्याला जे लाघव वाटते ते त्यांना दारावरच अडवणारे ठरू शकते. दाट मांडणीचा कैवार घेताना आपण निष्णातांच्या सोयीला सर्वांचे हित समजत नाही ना, हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे. साहित्यव्यवहारात दुर्बोधतेचे समर्थन करताना जी जबाबदारी येते तीच येथेही येते.

परंतु या विरोधी बाजूचा नीट विचार केला तर तिच्यातून काय निष्पन्न होते? बोटासाठी आणि मंद दृष्टीसाठी मोकळी मांडणी उपलब्ध असली पाहिजे, एवढेच. दाट मांडणी उपलब्ध नसावी असे त्यातून निघत नाही. छापील पुस्तकात हे दोन्ही हक्क एकत्र नांदू शकत नाहीत; मोठ्या टायपाची आवृत्ती वेगळी काढावी लागते आणि तिचा खर्च असतो. पडद्यावर एकाच संहितेची दोन मापे एकाच वेळी दोन वाचकांना देता येतात. घनतेच्या तीन पायऱ्या ठेवणाऱ्या सेवेने हे तत्त्वतः मान्यच केलेले आहे. तेव्हा दुर्बलांच्या गरजेचा दाखला देऊन दाट मांडणीचे माप सैल करणे, हा एका खऱ्या कारणाचा त्याच्या कक्षेबाहेर केलेला वापर होय.

दोन मांडण्या सांभाळण्याचा खर्च मात्र खरा आहे, हेही नाकारता येत नाही. प्रत्येक नवी सोय प्रत्येक मापात तपासून पाहावी लागते. हा खर्च कोणी आणि किती काळ सोसावा, हा प्रश्न शेवटी हक्क व कर्तव्य यांच्या प्रांतातला आहे. म्हणून आता त्या प्रांताकडे वळू.

५

मराठी व्यवहारात ‘वहिवाट’ हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. दुसऱ्याच्या शेतातून विहिरीकडे किंवा गावरस्त्याकडे जाणारी पायवाट वर्षानुवर्षे तुडवली गेली की ती वहिवाटीची होते. मालकी शेतकऱ्याची राहते, पण वाट बंद करण्याची मुभा राहत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १५ ने या लोकव्यवहाराला नियमाचे रूप दिले आहे. वीस वर्षे उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्क म्हणून केलेला वापर जाण्यायेण्याच्या वाटेवर अधिकार निर्माण करतो. नुसत्या वापरातून, कोणताही करार नसताना, हक्क उत्पन्न होऊ शकतो ही कल्पना नैतिक दृष्ट्या महत्त्वाची आहे. ज्या व्यवस्थेच्या आधारावर माणसाने आपले जगणे बेतलेले असते ती व्यवस्था दुसऱ्याच्या मालकीची असली, तरी मालकाची लहर हा तिचा एकमेव नियंता असू नये, असे तिचे सार आहे.

वेबमेलच्या वापरकर्त्याला ही वहिवाट सांगता येईल काय? कायद्याच्या चौकटीत नाही, आणि त्याचे कारण त्याच अधिनियमात आहे. वापर ‘हक्क म्हणून’ झालेला असावा लागतो; परवानगीने झालेला वापर कितीही दीर्घ असला तरी त्यातून वहिवाट पिकत नाही. सेवेच्या अटी मान्य करूनच आपण आत शिरलेले असतो, आणि रूप केव्हाही बदलण्याचा अधिकार त्या अटींनी सेवादात्याकडे ठेवलेला असतो. आपण वाटसरू नाही, परवानगीने आलेले पाहुणे आहोत.

परंतु हाच अधिनियम परवानगीविषयीही काही सांगतो. कलम ६० नुसार परवानगी देणाऱ्याला ती परत घेता येते. मात्र परवानगीवर विसंबून घेणाऱ्याने खर्च करून कायम स्वरूपाचे काम उभारलेले असेल तर ती परत घेता येत नाही. कलम ६३ नुसार परवानगी रद्द झाली तरी जागा सोडण्यासाठी आणि आपले सामान हलवण्यासाठी वाजवी मुदत मिळण्याचा हक्क असतो. जमिनीविषयीचा हा कायदा पडद्याला लावावा असे सुचवावयाचे नाही. या दोन कलमांमागील नीतिदृष्टी मात्र आपल्या प्रश्नावर प्रकाश टाकते. परवानगी देणाऱ्याने दुसऱ्याला विसंबू दिले, किंबहुना विसंबण्यास उत्तेजन दिले, की दोघांमधील नाते बदलते. केवळ अनुग्रह होता तेथे बांधिलकी येते.

सवय हे ‘कायम स्वरूपाचे काम’ मानता येईल काय, हा येथील कळीचा प्रश्न आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे. तिसऱ्या विभागात पाहिल्याप्रमाणे यादी वाचण्याचे कौशल्य वर्षानुवर्षांच्या वेळाचा आणि लक्षाचा खर्च करून डोळ्यांत आणि हातांत उभारलेले असते. ते काम दात्याच्या निमंत्रणावरून झालेले असते : वापरकर्त्याने रोज यावे, आपला सगळा पत्रव्यवहार येथेच ठेवावा, यासाठीच सेवा उभी केलेली असते. आणि ते काम दात्यालाही लाभदायक असते. येथे ‘सेवा तर फुकट आहे, मग हक्क कसला’ हा आक्षेप येतो. परंतु जीमेल आरंभापासून जाहिरातींसह दिली गेली, आणि जाहिराती व्यक्तिपरत्वे ठरवण्यासाठी पत्रांतील मजकुराचे यंत्राकरवी वाचन करण्याची पद्धत २०१७ पर्यंत चालू होती. वापरकर्त्याने मोबदला दिलाच. तो पैशात नव्हता इतकेच. म्हणून दात्या-पाहुण्याचे रूपक या नात्याला पुरे पडत नाही.

मुदतीचा मुद्दा याहून सूक्ष्म आहे. २०११ आणि २०१८ या दोन्ही वेळी वापरकर्त्यांना काही काळ जुन्या रूपाकडे परतण्याची सोय ठेवलेली होती. वाजवी मुदतीचे कर्तव्य त्या मर्यादेत पाळले गेले असे म्हटले पाहिजे. परंतु मुदतीचा उपयोग सामान हलवण्यासाठी असतो. पत्रे हलवता येतात, पत्त्यांची वही हलवता येते. सवय हलवता येत नाही, कारण ती त्याच भिंतींच्या मापाने घडलेली असते. म्हणजे जे सर्वांत खर्चून उभारलेले असते तेच मुदतीत नेता येत नाही. अशा वेळी न्याय्य गोष्ट मुदत वाढवणे ही नसून माप राखणे ही ठरते. रूप बदलावे, रंग बदलावेत, नवी दालने जोडावीत. पण वापरकर्त्याने एकदा निवडलेली घनता, तिच्या नावासकट नव्हे तर तिच्या मापासकट, नव्या रूपातही शिल्लक ठेवावी. एवढे बंधन रचनाकाराच्या स्वातंत्र्याला जाचक आहे असे वाटत नाही. वहिवाटीची वाट ज्या शेतातून जाते त्या शेतात काय पेरावे हे वाटसरू ठरवत नाही. वाटेची रुंदी कमी करू नये एवढेच तो म्हणतो.

६

शेवटी आरंभी उल्लेखिलेल्या दुसऱ्या गृहीतकाकडे वळू. ‘काही दिवसांनी सवय होईल’ हे प्रत्येक पुनर्रचनेच्या वेळी दिले जाणारे उत्तर आहे, आणि वस्तुस्थिती म्हणून ते बहुतेक खरे ठरते. तक्रारी काही आठवड्यांत ओसरतात. पण समर्थन म्हणून ते अपुरे आहे. यॉन एल्स्टर यांनी १९८३ मध्ये आंबट द्राक्षांच्या गोष्टीचा तत्त्वज्ञानात्मक अर्थ लावताना दाखवले की उपलब्ध पर्याय आक्रसले की माणसाच्या इच्छाही नकळत त्या मापाच्या होतात. आणि अशा, परिस्थितीने घडवलेल्या, समाधानाचा दाखला देऊन ती परिस्थिती न्याय्य ठरवता येत नाही. ‘सवय होईल’ या उत्तरात नेमके हेच घडते. ज्याचे काही गेले त्याची जुळवून घेण्याची शक्तीच, जे गेले ते महत्त्वाचे नव्हते याचा पुरावा म्हणून वापरली जाते. या न्यायाने माणूस ज्या ज्या गोष्टीतून निभावून जातो ती ती निरुपद्रवी ठरेल.

सवय सर्वांना सारखी होते असेही नाही. जीमेलची ‘बेसिक एचटीएमएल’ ही साधी, सजावटविरहित मांडणी २०२४ च्या आरंभी बंद करण्यात आली. तिच्यावर विसंबून असणाऱ्यांत मंद जोडणीचे आणि जुन्या यंत्रांचे वापरकर्ते होते, तसेच पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून घेणारे काही अंध वापरकर्तेही होते. त्यांच्यासाठी दाटी-विरळाईचा प्रश्न डोळ्यांचा नव्हताच; कमीत कमी अडथळ्यांतून पत्रापर्यंत पोहोचण्याचा होता. अभ्यस्तांचे लाघव आणि दुर्बलांची गरज यांचा आपण चौथ्या विभागात जो विरोध पाहिला, तो येथे मावळतो. दोघेही एकच गोष्ट मागत होते : जी मांडणी आपल्याला चालते ती आपल्यासाठी चालू राहावी. दाट मांडणीच्या तक्रारीला आपण क्षुल्लक म्हणून बाजूला सारले, तर अशा दुसऱ्या तक्रारीलाही त्याच वजनाने बाजूला सारण्याची आपल्याला सवय लागते.

या विवेचनातून जे हाती लागते ते मर्यादित आहे. पुनर्रचना करू नये असे त्यातून निघत नाही, आणि प्रत्येक जुन्या सवयीला हक्काचे रूप येते असेही नाही. ज्या सवयीत ज्ञान साठलेले आहे, जी दुसऱ्याच्या निमंत्रणावरून घडलेली आहे, आणि जी राखण्याचा खर्च तुलनेने अल्प आहे, तिच्या बाबतीत बदल करणाऱ्यावर राखण्याचे कर्तव्य येते. राखणे अशक्य असेल तर निदान जे गेले त्याला हानी म्हणण्याचे कर्तव्य येते. आजच्या व्यवहारात यांपैकी दुसरे कर्तव्यही क्वचितच पाळले जाते, कारण प्रत्येक बदलाची घोषणा सुधारणेच्याच भाषेत केली जाते आणि त्या भाषेत नुकसानीसाठी शब्दच नसतो. दोन ओळींमधील अंतर थोडे वाढले याविषयी कुरकुरणारा वापरकर्ता त्या शब्दाचा शोध घेत असतो. त्याचे बोलणे अडखळते म्हणून त्याचा शोध व्यर्थ ठरत नाही.